आज तारीख कशासाठी आहे?

"हे सिव्हिल मॅटर आहे बाई, कोर्टात जा," असं पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितलं तेव्हा मला फार राग आला होता. घराच्या वाटेवर चिऱ्यांची भिंत चढते आहे, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला रिक्षा आत येत नाही, आणि हे म्हणतात कोर्टात जा. आज कळतं की ते बरोबर बोलले होते. वाटेवर कोणाचा हक्क आहे हे ठरवणं पोलिसांच्या हातात नसतंच. पण 'कोर्टात जा' म्हणजे कोणत्या खोलीत जायचं, घरून काय घेऊन जायचं आणि मग पुढे काय काय होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. ते समजायला मला सहा वर्षं लागली. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, कायदा शिकलेली नाही. जे पाहिलं ते लिहिते.

आमचा गाव गोव्यातल्या अंत्रुजातला, म्हणजे फोंडा तालुक्यातला, कुळागरांचा, सुपारी-नारळाच्या बागांचा. माझ्या आजेसासऱ्यांची जागा दोन मुलांत वाटली गेली ती 1953 साली, पोर्तुगीज अमदानीत. पुढची बाजू थोरल्याकडे गेली, मागची धाकट्याकडे, म्हणजे आमच्याकडे. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंतची वाट थोरल्यांच्या पोफळींमधून येते. पूर्वी तिच्यावरून नारळ-सुपारीच्या बैलगाड्या जात, मग रिक्षा, टेम्पो. 2017 च्या मे महिन्यात माझ्या चुलत दिरांनी (आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो) वाटेच्या तोंडाशी चिरे आणून टाकले. पुढची जागा विकायचं त्यांच्या मनात होतं, आणि ज्या जागेतून दुसऱ्याची वाट जाते तिला गिऱ्हाईक कमी भाव देतं. भिंत बांधताना त्यांनी माणूस जाईल एवढी फट ठेवली. चार फुटांची.

आम्ही तीन आठवडे धावपळ केली. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घातलं, मग पंचायत, मग पोलीस. पंचायत परवान्याशिवाय चाललेलं बांधकाम थांबवण्याची नोटीस काढू शकते, तशी तिनं काढलीही. पण वाटेचा हक्क पंचायत ठरवत नाही. दरम्यान भिंतीचे चार थर चढले. हे तीन आठवडे पुढे आम्हाला फार महागात पडले.

वकीलबाईंकडे गेलो तेव्हा मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, कोण काय बोललं, कोणी कोणाला गणपतीच्या चवथीला बोलावलं नाही इथपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद काय आहे?"

आमच्याकडे एक-चौदाचा उतारा होता. गोव्यात जमिनीचं काहीही असलं की लोक आधी हाच उतारा काढतात. कब्जेदार कोण, पीक कोणतं, क्षेत्र किती, आणि 'इतर हक्क' नावाचा एक रकाना. भाऊंच्या सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावर तो रकाना कोरा होता. ते पाहून माझा धीरच सुटला. वकीलबाईंनी समजावलं की उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण तो मालकीचा दाखला नव्हे, आणि रकाना कोरा आहे म्हणून हक्कच नाही असंही होत नाही. फक्त तो आहे हे दाखवण्याचं ओझं आपल्यावर येतं.

घरी पत्र्याच्या ट्रंकेत 1953 चा वाटणीचा दस्त सापडला. पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. आमच्या घरात पोर्तुगीज वाचणारं कोणी उरलं नव्हतं. पणजीला जाऊन जाणकाराकडून भाषांतर करून घेतलं. तिसऱ्या पानावर एक शब्द होता, 'कामीन्यू'. वाट. मागच्या भागाला पुढच्या भागातून वाट राहील, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. किती रुंद, ते मात्र लिहिलं नव्हतं.

दावा कोणी करायचा, इथपासून मला नवीन होतं. मला वाटलं होतं, यजमानांच्या नावाने होईल. पण गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, अर्धी-अर्धी. म्हणून सासऱ्यांच्या मागे सासूबाई, यजमान, मी, नणंद आणि नणंदेचे यजमान असे पाचही जण वादी झालो. समोर भाऊ आणि वहिनी दोघे प्रतिवादी. वहिनींनी एक चिराही हातात घेतला नव्हता, त्यांचं नाव कागदावर पाहून मला वाईट वाटलं. पण विक्री करायची तरी त्यांची सही लागणारच, आणि हुकूम त्यांच्यावरही बंधनकारक व्हायचा तर त्यांना वगळून चालत नाही.

इथे मी एक चूक केली. दाव्याचा मसुदा इंग्रजीत होता, पंधरा-सोळा पानं. आमच्याकडच्या कोर्टात कामकाज इंग्रजीत चालतं. वकीलबाईंच्या ऑफिसात गर्दी होती, दाखल करायची घाई होती. शेवटी 'वर लिहिलेलं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे' अशा अर्थाचा मजकूर असतो, त्याखाली आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या. वाचलं नाही. वकीलबाईंना आपण सगळं सांगितलंय, त्यांनी लिहिलं असेल, असं धरून चाललो.

दाव्याबरोबर तातडीच्या मनाई हुकमाचा अर्ज होता. दाव्याचा निकाल लागेपर्यंत समोरच्याने काही करू नये म्हणून तो करतात. मला वाटलं होतं, आज अर्ज दिला की आज स्टे मिळेल. पण भाऊंनी आधीच कोर्टात कॅव्हेट लावून ठेवलं होतं. म्हणजे, माझ्याविरुद्ध कोणी अर्ज केला तर मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, अशी आगाऊ सूचना. ती नव्वद दिवस चालते. त्यामुळे आधी त्यांना कागद द्यावे लागले, मग सुनावणी. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात असं वकीलबाईंनी सांगितलं होतं: प्रथमदर्शनी तुमच्या बाजूने काही आहे का, हुकूम न दिल्यास कोणाची अडचण जास्त, आणि नंतर पैशाने भरून न येणारं नुकसान होईल का. त्या दिवशी हुकूम झाला, 'जैसे थे'.

आम्ही आनंदाने घरी आलो. संध्याकाळी वाटेवर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं. जैसे थे म्हणजे हुकमाच्या दिवशी जे जसं आहे ते तसंच. त्या दिवशी भिंत चार थर उंच होती. म्हणजे ती चार थर उंच राहणार. पुढे सविस्तर सुनावणीनंतर भिंत वाढवायला मनाई झाली, पण बांधलेली पाडा असं त्या टप्प्यावर सहसा सांगत नाहीत, ते निकालातलं काम. धावपळीचे ते तीन आठवडे वाचवले असते तर त्या जागी फक्त पायाचा चर असता. ज्या कोणाच्या दारात आज असं काही सुरू होत असेल, त्यांनी पहिल्याच दिवशी तारखेसकट फोटो काढावेत आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जावं. समजुतीची बोलणी त्याबरोबर चालू ठेवता येतात.

मग समन्स. प्रतिवादीला ते मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायची असते, कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकतं. भाऊंची कैफियत आली तीन महिन्यांच्या काठावर. वकीलबाईंनी मला प्रत दिली, आणि ह्या वेळी मी ती घरी आणून शब्दकोश घेऊन बसले. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: वादी स्वतःच आपल्या दाव्यात 'फूटपाथ' म्हणतात, फूटपाथ म्हणजे पायवाट, आणि पायवाटेसाठी चार फूट आम्ही सोडलेलेच आहेत.

मी आमचा दावा उघडला. खरंच. कलम पाच, कलम सात, कलम अकरा, सगळीकडे 'फूटपाथ'. मी ऑफिसात मराठीत 'वाट' म्हणत होते. लिहिणाऱ्याने पायवाट समजून घेतलं असणार. एवढ्या एका शब्दावर आमची बैलगाडी, रिक्षा, टेम्पो सगळं दाव्याबाहेर राहिलं होतं. आणि जे दाव्यात नाही ते नंतर साक्षीत कितीही सांगितलं तरी उपयोगाचं नसतं, कारण समोरच्याला त्याचं उत्तर द्यायची संधी मिळालेली नसते.

हे दुरुस्त करता येतं. दावादुरुस्तीचा अर्ज असतो. पण पुराव्याचं काम सुरू झाल्यावर तो सहजी मिळत नाही, आधी का सुचलं नाही ह्याचं पटणारं कारण द्यावं लागतं. आमचं नशीब की अजून मुद्दे, म्हणजे कोर्टाने ठरवायचे वादाचे प्रश्न, निघाले नव्हते. अर्ज मंजूर झाला, समोरच्यांना खर्च द्यावा लागला, आणि 'फूटपाथ'च्या जागी 'वाहन जाण्याजोगी वाट' असं आलं. त्या दिवसापासून मी एकही कागद समजून घेतल्याशिवाय सही केलेला नाही. वकीलबाईंना मी सांगितलं, "मला वाक्यावाक्याचा मराठीत अर्थ सांगा, मग सही करते." त्यांनी एकदाही आळस केला नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे.

दर तारखेला पक्षकाराने हजर राहायलाच हवं असं नसतं, वकील हजर असले की चालतं. यजमानांचं दुकान, त्यांना जमत नसे. माझी शाळा कोर्टापासून जवळ, म्हणून मी जात राहिले. सुरुवातीला मी बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहायची, पुकारा व्हायचा, दोन्ही वकील उभे राहून काही बोलायचे, आणि 'पुढची तारीख' घेऊन मी परत. घरी सासूबाई विचारायच्या, "काय झालं गो?" माझ्याकडे उत्तर नसायचं.

एक दिवस मी वकीलबाईंना विचारलं, "आज तारीख कशासाठी आहे?" त्यांनी सांगितलं, "मुद्द्यांसाठी." म्हणजे काय, हे मी विचारत गेले. तेव्हापासून मी शंभर पानी वही घातली. तारीख, आज कशासाठी, काय झालं, पुढची कशासाठी. प्रत्येक तारखेला एक नाव असतं. समन्सची, कैफियतीची, मुद्द्यांची, वादीच्या पुराव्याची, उलटतपासणीची, युक्तिवादाची. कोर्टात ते रोजनाम्यात लिहिलं जातं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या प्रकरणाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर घातला की घरबसल्याही दिसतं, पुढची तारीख आणि तिच्यापुढे टप्पा. नाव कळलं की आपण काय तयारी करायची ते कळतं. उद्या पुरावा असेल तर मूळ दस्त बरोबर हवा. उद्या नुसती नोटीस बजावल्याचा अहवाल यायचा असेल तर शाळेतली रजा वाचवावी.

वहीत एकूण 61 तारखा आहेत. त्यातल्या 24 समोर 'काम झालं नाही' असं लिहिलंय. कधी साहेब रजेवर, कधी त्यांची बदली, कधी समोरचे वकील वरच्या कोर्टात. आणि दोनदा आम्हीच मुदत मागितली, मुलीची बारावी होती. कायद्यात एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं आहे. तसं घडताना मी क्वचितच पाहिलं. पण त्याच बोर्डावर एका दिवशी किती प्रकरणं लागलेली असतात, हेही मी रोज दारावर चिकटवलेल्या यादीत पाहत होते.

मुद्द्यांचा कागद एका पानाचा होता. मला तर ती प्रश्नपत्रिकाच वाटली. दोन्ही बाजूंचे कागद वाचून न्यायाधीश ठरवतात की वाद नेमका कशाचा, आणि प्रत्येक प्रश्न कोणी सिद्ध करायचा. आमच्यासाठी पहिला होता: वादींना प्रतिवादींच्या जागेतून वाहन जाण्याजोग्या वाटेचा हक्क आहे, हे वादी सिद्ध करतात काय? भाऊंसाठी एक: वादींना घरी जायला दुसरी वाट उपलब्ध आहे, हे प्रतिवादी सिद्ध करतात काय? मी त्याची झेरॉक्स वहीच्या पहिल्या पानावर डकवली. पुढे ज्या ज्या गोष्टी मला सांगाव्याशा वाटायच्या, त्या मी ह्या पानाशी ताडून बघायची. भाऊंनी लग्नात आहेर घेतला नाही, हे कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

माझी साक्ष झाली 2019 च्या जानेवारीत. सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर देतात, म्हणजे आपलं म्हणणं लिहून. मोबाईलवर काढलेले भिंतीचे फोटो नुसते छापून चालत नाहीत, ते कोणत्या फोनमध्ये, कोणी, कसे काढले ह्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या 65 ब कलमाखाली होतं. 1 जुलै 2024 पासून तो कायदा बदलला, प्रमाणपत्राची गरज राहिलीच. मग उलटतपासणी. समोरचे वकील वयस्कर, अतिशय सौम्य आवाजाचे.

"बाई, तुमचं लग्न कधी झालं?"

"1994 साली."

"त्याआधी तुम्ही ह्या घरी कधी आला होता?"

"नाही."

"म्हणजे 1994 च्या आधी तिथून काय जात होतं, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं नाही?"

मी गप्प झाले. सासूबाईंकडून, सासऱ्यांकडून मी शंभरदा ऐकलं होतं. पण त्यांनी विचारलं होतं पाहिलं का. मी म्हटलं, "नाही." न्यायाधीश मराठीतलं माझं उत्तर इंग्रजीत सांगत होते, बाजूला टंकलेखक उतरवून घेत होती. संपल्यावर सही करण्याआधी मी वाचायला मागितलं. एका ठिकाणी माझ्या तोंडी पुन्हा 'फूटपाथ' आलं होतं. मी उभी राहून सांगितलं, "साहेब, मी गाडीवाट म्हटलं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टंकलेखक बाईंना विचारलं, आणि बदलून दिलं.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आता सासूबाईंची साक्ष लागेल." सासूबाई सत्याहत्तर वर्षांच्या, गुडघ्यांनी अंथरूण धरलेल्या. कोर्टाच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. अशा माणसासाठी कोर्ट कमिशनर नेमतं, तो घरी येऊन साक्ष नोंदवतो. एक तरुण वकील कमिशनर म्हणून आले, दोन्ही बाजूंचे वकील आले, भाऊही आले. ओसरीवर टेबल मांडलं. सासूबाईंनी नवं लुगडं नेसून घेतलं होतं.

सौम्य आवाजाच्या वकिलांनी त्यांना विचारलं, "आजी, तुमच्या लग्नाची तारीख आठवते?"

"तारीख नाही आठवत. साठ साल. फिरंगी होते तेव्हा."

"मग वाट कशी होती हे कसं आठवतं?"

सासूबाईंनी भाऊंकडे बघितलं. भाऊंचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. "बैलगाडीतून आले मी. ती तिसरी पोफळ आहे ना, वळणावरची, तिच्या मुळाला चाक घासलं आणि गाडी कलंडली. गाडीवान उतरला, बैलांना पुढे ओढलं त्यानं. माझ्या मांडीवरचा रुखवताचा डबा खाली पडला. पायवाटेनं आले असते तर डबा कसा पडला असता?"

टाईप करणारा मुलगा थांबला. कमिशनरांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. 'बुलक कार्ट' हा शब्द मला ऐकू आला. भाऊ मान खाली घालून बसले होते. जाताना त्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि त्यांनीही त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

2020 च्या मार्चमध्ये कोर्टं थांबली. 2021 च्या मेमध्ये सासूबाई गेल्या. त्या दुःखातही वकीलबाईंचा फोन आला, "तेराव्यानंतर मृत्यूचा दाखला घेऊन या, नव्वद दिवसांत वारस लावायला हवेत." पक्षकार वारला आणि मुदतीत त्याचे वारस रेकॉर्डवर आणले नाहीत तर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो. आमच्यात वारस आधीच वादी होते, तरी अर्ज करून नोंद करावी लागली. सासूबाईंची साक्ष मात्र कायम राहिली, कारण त्यांची उलटतपासणी पुरी झालेली होती.

मध्यस्थीचा प्रयत्न त्याआधी एकदा होऊन गेला होता. कोर्टच दोन्ही बाजूंना मध्यस्थाकडे पाठवतं, आणि तिथे जे बोललं जातं ते कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्या खोलीत भाऊ साडेपाच फुटांपर्यंत आले होते. आम्ही आठ फुटांवरून खाली यायला तयार नव्हतो. त्याच वर्षी चवथीला आम्ही सगळे नेहमीसारखे थोरल्यांच्या घरी एकाच माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या मांडणीखाली, आरतीला उभे राहिलो आणि कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हा मी जास्त समजूतदारपणा दाखवायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

मोजणीसाठी आम्ही वेगळा कमिशनर मागितला, सर्व्हेअर. त्याची फी अर्जदाराने भरायची असते. तो टेप, नकाशे घेऊन दिवसभर होता. मी पाणी द्यायला गेले आणि वाटेचं सांगायला लागले तेव्हा त्यानं हात जोडले, "बाई, मी फक्त जागेवर काय आहे ते लिहिणार. हक्क कोणाचा ते मी ठरवत नाही." अहवालात पोफळींच्या दोन जुन्या रांगांमधलं अंतर आलं, सर्वांत अरुंद ठिकाणी 2.4 मीटर. तिसऱ्या पोफळीच्या मुळाशी जमिनीपासून हातभर उंचीवर जुना खाचलेला भाग असल्याची एक ओळही आली. ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली.

निकाल लागला 2023 च्या फेब्रुवारीत. न्यायाधीशांनी शेवटचा भाग वाचला, दोन मिनिटांत झालं. वाहन जाण्याजोगी 2.4 मीटर वाट, अडथळा करण्यास कायमची मनाई, भिंत साठ दिवसांत काढावी. निकालपत्र 38 पानांचं, त्यात कारणं. हुकूमनामा वेगळा, दोन पानांचा, त्यात कोणी काय करायचं ते. त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करायला वकीलबाईंनी सांगितलं. जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात, नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. भाऊंनी अठ्ठाविसाव्या दिवशी अपील केलं. भिंत काढण्याच्या हुकमाला स्थगिती मिळाली.

मी त्या रात्री जेवले नाही. सहा वर्षं झाली होती, आणि आता वरचं कोर्ट, मग कदाचित उच्च न्यायालय. ह्या काळात मला एक गोष्ट उशिरा कळली, ती इथे सांगून ठेवते. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, आणि बाईमाणसाला उत्पन्नाची अट न ठेवता तिथून मोफत वकील मिळू शकतो. मी सहा वर्षं त्या दारावरून गेले, बोर्ड वाचला नाही.

अपिलात तिसऱ्या तारखेला भाऊंचा मुलगा बाहेर माझ्याशी बोलायला आला. माझ्याच वर्गात शिकलेला. "काकी," तो म्हणाला, "जागा विकायचं आता राहू दे म्हणतात बाबा. फाटक तरी ठेवू द्या, गुरं शिरतात कुळागरात." मी म्हटलं, "फाटक ठेवा, कुलूप नको." एवढंच बोलणं झालं. पण ते आधीच्या सगळ्या बोलण्यांपेक्षा वेगळं होतं, कारण आता आकडा कागदावर होता. 2.4 मीटर. कोणी कोणाला खाली ओढायचा प्रश्न नव्हता.

डिसेंबरच्या लोकअदालतीत तडजोडीच्या अटी लिहिल्या गेल्या. वाट 2.4 मीटर, सर्व्हेअरच्या नकाशावर लाल रेघेने दाखवलेली, फाटकाला कुलूप नाही, उताऱ्यावर नोंद करायला भाऊंची हरकत नाही. त्या सर्व अटी मी मराठीत वाचून घेतल्या, भाऊंनाही मोठ्याने वाचून दाखवल्या. मग सगळ्यांनी सह्या केल्या, वहिनींनीही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, तिथे प्रकरण संपतं. भाऊंना अपिलाची कोर्ट फी परत मिळाली.

भिंत भाऊंनीच गडी लावून काढली. सात पावसाळ्यांत चिऱ्यांवर शेवाळ इतकं घट्ट धरलं होतं की पहारीने सुटे करताना ते हिरव्या सालीसारखं निघत होतं. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. संध्याकाळी भाऊंच्या मुलाने आपली गाडी आमच्या अंगणापर्यंत आणून परत नेली, काही काम नसताना.

उताऱ्याचं काम पुढच्या वर्षी झालं. निवाड्याची नक्कल जोडून म्युटेशनचा, म्हणजे उताऱ्यावरची नोंद बदलण्याचा, अर्ज केला, नोटीस निघाली, हरकत आली नाही. नवा एक-चौदा मी स्वतः काढून आणला. 'इतर हक्क' ह्या रकान्यात आता दोन ओळी आहेत. मी त्या घरी सासूबाईंच्या फोटोसमोर वाचल्या आणि उतारा 1953 च्या दस्तासोबत ट्रंकेत ठेवला, वहीखाली.